कुत्रं दिवसभर साखळीला अन् रात्रभर भुंकतं? पळवून दमवण्याआधी हे वाचा

कोपरगाव : रात्रीचे दोन वाजलेत. वस्तीवरचं कुत्रं तासाभरापासून भुंकतंय. घरधनी बॅटरी घेऊन बाहेर येतो, चारही बाजूंनी उजेड टाकतो. काहीच नाही. कुत्र्यावर ओरडून तो आत जातो, पाच मिनिटांत भुंकणं पुन्हा सुरू. सकाळी उठून पाहावं तर ठिबकच्या नळीचा चावून चोथा झालेला, चपलेचा एक जोड गायब आणि दाराशी हातभर खड्डा. घरात एकच वाक्य ऐकू येतं, "हे कुत्रं लई माजलंय."

माजलेलं बहुतेक वेळा नसतं. त्याला दिवसभरात काही कामच मिळालेलं नसतं.

तालुक्यात शेतवस्तीवर राहणारी कुटुंबं बरीच आहेत. राखणीसाठी पूर्वी गावरान कुत्रं असायचं. आता त्याच्या जोडीला जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, डॉबरमन आणि कारवान जातीची कुत्रीही दिसतात. पिल्लू आणताना हौस असते, पहिले तीन-चार महिने घरातली पोरं त्याच्याशी खेळतात. मग ते मोठं होतं, अंगावर उड्या मारायला लागतं, कोंबडीच्या मागे धावतं, म्हणून गळ्यात साखळी पडते. त्यानंतर त्याचं जग म्हणजे साखळीच्या लांबीचं रिंगण.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय एकच, "पळवा त्याला, दमलं की झोपेल." सल्ला अर्धा बरोबर आहे. आपल्या भागात कडक ऊन आहे, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत आणि उसात बिबट्या आहे. त्यामुळे नुसतं पळवण्याच्या नादात कुत्र्याचा आणि माणसाचाही जीव धोक्यात येऊ शकतो. कुत्र्याला दमवायचं ते पायांइतकंच नाकाने आणि डोक्याने. त्यातलं बरंचसं अंगणातच होतं आणि त्याला खर्चही येत नाही.

मेंढपाळाचं कुत्रं शांत का असतं?

पावसाळा संपला की मेंढरांचे कळप घेऊन मेंढपाळ आपल्या भागात येतात. रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. त्यांच्या वाड्यावरचं कुत्रं पाहिलं आहे का? दुपारी ते निवांत पडलेलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एक डोळा उघडून बघतं, उगाच भुंकत नाही. रात्री मात्र वाड्याजवळ काही हललं की पहिलं उठतं.

हे कुत्रं कुठल्या वेगळ्या मातीचं नसतं. सकाळपासून ते कळपाबरोबर चाललेलं असतं. वाटेत शेकडो वास घेतलेले असतात, मागे राहिलेली मेंढी वळवलेली असते, मालकाच्या शिट्टीकडे कान लावलेला असतो. पाय, नाक, कान, डोकं सगळं वापरून झालेलं असतं. म्हणून ते झोपतंही आणि राखणही नीट करतं.

उलट साखळीच्या कुत्र्याकडे साचलेली ताकद असते आणि ती बाहेर काढायला वाट नसते. मग ती भुंकण्यातून, उकरण्यातून, चावण्यातून बाहेर पडते. "बांधून ठेवलं की कुत्रं कडक होतं, राखण चांगली करतं" हा समज म्हणूनच चुकीचा आहे. सतत बांधलेलं कुत्रं प्रत्येक आवाजावर भुंकतं. खरा चोर आला तरी घरचे म्हणतात, "भुंकतंय रोजच्यासारखं." म्हणजे राखणीचा हेतूच बाजूला राहतो.

कायदा काय म्हणतो?

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कुत्र्याला व्यायाम देणं ही नुसती हौस नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता कशाला म्हणायचं याची यादी दिली आहे. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं ही क्रूरता. आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरता. कायद्यात कुत्र्याचा असा वेगळा उल्लेख आहे.

या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजच्या मानाने किरकोळ आहे, १० ते ५० रुपये. पण कुत्रं मोकाट सुटून कोणाला चावलं तर गोष्ट वेगळी. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेण्यात हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. थोडक्यात, कायमचं बांधूनही चालत नाही आणि बेवारस सोडूनही चालत नाही.

आधी बिबट्याचं गणित समजून घ्या

शहरातले लोक सांगतात, कुत्र्याला पहाटे लवकर किंवा रात्री जेवणानंतर फिरवा. आपल्या ऊसपट्ट्यात हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून तो नेमकं काय खातो याचा अभ्यास केला. शेती आणि वस्तीच्या त्या भागात बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण भक्ष्याच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता, आणि शेळ्या तर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. म्हणजे वस्तीजवळ येणाऱ्या बिबट्याचं मोठं आकर्षण कुत्रं हेच.

कोपरगावकरांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसांचे जीव गेले. त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, फिरवणं सूर्य उगवल्यावर आणि मावळण्याआधी. अंधारात, झुंजूमुंजू असताना किंवा दिवेलागणीला उसाच्या कडेने कुत्रं घेऊन जायचं नाही.

दुसरी, फिरवताना कुत्रं दोरीला असलंच पाहिजे. मोकळं कुत्रं वास लागला की उसात शिरतं. त्याला हाका मारत मालकही मागे शिरतो. खरा धोका तिथे आहे. लहान पोरांच्या हाती कुत्रं देऊन त्यांना एकटं पांदीने पाठवू नका.

तिसरी, रात्री कुत्रं उघड्यावर बांधून ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, ते आयतं सापडतं. वरूनही बंद असलेला जाळीचा खुराडा किंवा दार लागणारी खोली हवी. आतून भुंकूनही ते राखण करतंच.

शेतीची लाईट रात्रीची असली की पाणी भरायला जाताना अनेक जण सोबतीला कुत्रं नेतात. ही सोबत वाटते तितकी भरवशाची नाही. त्यापेक्षा दोघांनी मिळून जाणं, बॅटरी आणि काठी सोबत ठेवणं, मोबाईलवर गाणी लावून आवाज करत चालणं बरं. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग फिरवायचं कधी?

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सकाळी सव्वासहा ते सव्वासात हा फिरवण्याचा खरा वेळ. आठनंतर ऊन चढतं. संध्याकाळी सहालाही डांबरी रस्ता तापलेलाच असतो, म्हणून उन्हाळ्यातली संध्याकाळ अंगणातल्या खेळांसाठी ठेवा.

हिवाळ्यात दिवस उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. सकाळी साडेसात ते साडेआठ आणि दुपारी साडेचार ते साडेपाच ही वेळ ठीक. पावसाळ्यात उघडीप पाहून निघा. गवत वाढलेलं असतं, बांधावर साप असतात, म्हणून मोकळ्या रस्त्यानेच चाला. काळी माती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात चिकटून वाळते आणि मग टोचते. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करा.

धडधाकट तरुण कुत्र्याला दिवसाकाठी साधारण एक तास हालचाल हवी. एकदम जमत नसेल तर अर्धा-अर्धा तास दोनदा. गहू सोंगणीला आलाय, ऊसतोड चालू आहे, कांदा लागवड आहे, अशा दिवसांत तेवढाही वेळ मिळत नाही हे खरं. तेव्हा वीस मिनिटं फिरवा आणि पंधरा मिनिटं खाली दिलेले खेळ घ्या. नुसतं तासभर ओढत नेण्यापेक्षा कुत्र्याला ते जास्त पुरतं.

आणखी एक. फिरवायला निघालं की अनेक जण कुत्र्याला सारखं पुढे ओढतात, वास घ्यायला थांबू देत नाहीत. माणूस सकाळी मोबाईल उघडून गावातल्या बातम्या बघतो, तसं कुत्रं वास घेऊन गावाची खबर काढतं. रात्री इथून कोण गेलं, कोणत्या कुत्र्याने खांब ओला केला, मुंगूस कुठून आलं, हे सगळं त्याला नाकाने कळतं. वास घेताना त्याचं डोकं जोरात काम करतं आणि त्यानेच ते दमतं. म्हणून अर्ध्या वाटेवर त्याला मनसोक्त हुंगू द्या. दोरी थोडी लांब असेल, आठ-दहा फुटांची, तर बरं. गळ्याला आवळणारी साखळी नको, रुंद पट्टा चांगला.

मोटरसायकलच्या मागे पळवू नका

हे चित्र गावोगाव दिसतं. पोरगं टू-व्हीलरवर, एका हातात दोरी आणि मागे जीभ बाहेर काढून पळणारं कुत्रं. बघणाऱ्यांना कौतुक वाटतं. हा प्रकार मात्र थांबवायला हवा.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीला थोडा येतो तेवढाच. अंगातली उष्णता ते धापा टाकून, जिभेवाटे बाहेर काढतं. गाडीमागे पळताना त्याला थांबता येत नाही, सावली गाठता येत नाही. शिवाय कुत्रं मालकाच्या मागे पडेपर्यंत पळतं, "आता बास" म्हणत नाही. त्यात दोरी चाकात अडकली किंवा समोरून दुसरं कुत्रं आडवं आलं की गाडीवरचाही पडतो. गाळप हंगामात कोळपेवाडी आणि संजीवनी कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. तिथे तर हा खेळ नकोच.

रस्ता किती तापलाय हे ओळखायची साधी रीत आहे. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवा. पाच-सात सेकंद धरवत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजणार.

उष्माघात झाला तर

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. म्हणजे माणसाला जो ताप, ते त्याचं नेहमीचं. उष्माघातात ते १०५-१०६ च्या वर जातं. खूप जोरात धापा, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी ही त्याची लक्षणं. अशा वेळी कुत्र्याला लगेच सावलीत न्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, बळजबरीने तोंडात ओतू नका. हे करत असतानाच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा. पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे.

अंगणातले सहा खेळ, खर्च शून्य

भाकरीचा शोध : कुत्र्याची भाकरी ताटलीत देण्याऐवजी तिचे बारीक तुकडे करून स्वच्छ अंगणात पसरा. पहिले दोन दिवस त्याच्या डोळ्यांदेखत टाका. नंतर विटेच्या मागे, पालथ्या घमेल्याखाली, कडब्याच्या पेंढीत लपवा आणि "शोध" म्हणा. जे खाणं अर्ध्या मिनिटात संपतं, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शेवटचा तुकडा सापडेपर्यंत कुत्रं पार गुंग होतं.

टॉवेलची गुंडाळी : जुन्या सुती टॉवेलमध्ये खाऊचे तुकडे गुंडाळून सैल गाठ मारा. कुत्र्याला ती सोडवू द्या. जवळ बसून लक्ष ठेवा, कापड फाडून गिळायला लागलं तर काढून घ्या. प्लॅस्टिकची गोणी किंवा सुतळी यासाठी वापरू नका, ती आतड्यात अडकते.

वासाचा माग : उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा दोरीला बांधून जमिनीवरून ओढत न्या आणि शेवटी लपवा. मग कुत्र्याला सुरुवातीच्या जागी आणून सोडा. सुरुवातीला दहा पावलं, नंतर पन्नास.

बोलावणं : घरातले दोघं अंगणाच्या दोन टोकांना बसा. एकाने नाव घेऊन "ये" म्हणायचं, आलं की लाड करून एक तुकडा द्यायचा. मग दुसऱ्याने बोलवायचं. पंधरा-वीस फेऱ्यांत पायही दमतात. आणि रस्त्यावर ट्रॅक्टर येत असताना याच "ये" ने कुत्र्याचा जीव वाचतो. एक मात्र पाळा. "ये" म्हणून बोलावून कधीही मारू नका, नाहीतर ते पुन्हा येणार नाही.

थांब : जेवणाचं भांडं समोर ठेवा आणि "थांब" म्हणा. सुरुवातीला दोन सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. परवानगी दिल्यावरच खायचं. दिसायला हा खेळ शांत आहे, पण मन आवरायला कुत्र्याला मोठी ताकद लागते. पोरांच्या अंगावर उड्या मारण्याची सवयही यानेच कमी होते.

आण आणि सोड : चेंडू टाका, आणला की "सोड" म्हणून त्याच्या बदल्यात खाऊचा तुकडा द्या. दहा-पंधरा वेळा पुरे. दगड फेकून आणायला लावू नका. दात तुटतात, लहान दगड गिळला तर ऑपरेशनची वेळ येते. काठीचंही तसंच, तिची कुसळं तोंडात घुसतात.

खेळ पाच-दहा मिनिटांचे ठेवा आणि कुत्रं कंटाळण्याआधी थांबवा. खाऊ देताना कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट टाळा, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेलं हाड चावताना त्याचे टोकदार तुकडे पडतात, तेही नको.

जातीप्रमाणे कल वेगळा

लॅब्रेडॉर ही शिकाऱ्याने पाडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी तयार झालेली जात. तिला वस्तू आणून देणं आणि पाणी आवडतं. जर्मन शेफर्ड मूळचं मेंढरं राखणारं कुत्रं, त्याला हुकूम पाळायचं काम दिलं की ते खूश असतं. कारवान किंवा मुधोळ हाउंड नजरेने सावज हेरून वेगात धावणारं. त्याला थोडा वेळ जोरात पळायला मोकळं, कुंपणाचं रान हवं, नंतर ते तासन्‌तास पडून राहतं. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने ही जात जोपासली आणि २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. मात्र हे कुत्रं सशाच्या मागे लागलं की हाक ऐकत नाही, म्हणून रस्त्याकडेला सोडू नका.

गावरान कुत्रं आपल्या हवेत मुरलेलं असतं आणि हुशारही असतं. शोधाचे खेळ ते लवकर शिकतं. "गावरानला कशाला शिकवायचं" असं म्हणून त्याला बांधून ठेवलं, तर त्याचेही तेच हाल होतात.

पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना बेतानेच. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर लांब पळवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं टाळा. पोटभर जेवल्यावर तासभर तरी कोणत्याही कुत्र्याला पळवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो.

गाडीच्या मागे लागणारं कुत्रं

वस्तीवरून जाणाऱ्या दूधवाल्याला, सायकलवरच्या शाळकरी पोरांना याचा सगळ्यात त्रास. कुत्रं मागे का लागतं? हलणारी वस्तू दिसली की पाठलाग करणं त्याच्या रक्तात आहे. आणि गाडी तर दरवेळी निघूनच जाते. कुत्र्याला वाटतं, आपण पळवून लावली. रोज जिंकणारा खेळ कोण सोडेल?

उपाय असा. आधी रस्त्याकडे जाण्याची वाट बंद करा, कुंपण घाला किंवा दोरी वापरा. मग रस्त्यापासून लांब, जिथून गाडी दिसते पण कुत्रं चवताळत नाही अशा जागी त्याला घेऊन बसा. गाडी गेली की तुकडा, गाडी गेली की तुकडा. आठवड्याभराने दहा पावलं पुढे सरका. गाडी दिसली की कुत्रं मालकाच्या तोंडाकडे बघायला लागलं, म्हणजे काम फत्ते. यात घाई चालत नाही, महिना-दीड महिना धीर धरावा लागतो.

कुत्रं कोणाला चावलं, ओरखडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रेबीज एकदा दिसायला लागला की त्यावर इलाज नाही. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस चुकवू नका. शांत कुत्रं अचानक पिसाळल्यासारखं वागायला लागलं, लाळ गाळायला लागलं, गिळता येईना झालं, तर "व्यायाम कमी पडतोय" असं समजू नका. त्याच्यापासून लांब राहा आणि डॉक्टरांना कळवा.

शेततळं, कालवा आणि फवारणी

उन्हाळ्यात कुत्र्याला पोहणं हा चांगला व्यायाम, पण जागा बघून. शेततळ्याचा कागद इतका निसरडा असतो की आत पडलेल्या कुत्र्याला वर येता येत नाही, नखं लागत नाहीत. दमून ते बुडतं. तळ्याला कुंपण घाला आणि एका बाजूला जाड दोराला बांधलेले जुने टायर काठापासून पाण्यात सोडून ठेवा. कुत्र्यालाच काय, माणसालाही त्याचा आधार होतो. गोदावरी कालव्यांना आवर्तन सुटलेलं असताना कुत्र्याला पाण्यात उतरवू नका, धार ओढून नेते.

नुकतीच फवारणी झालेल्या रानातून कुत्रं फिरवू नका. ते पाय चाटतं आणि औषध पोटात जातं. फिरून आल्यावर कान, मान, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड बघा. गोचिडामुळे येणाऱ्या तापात कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं.

बांधावंच लागलं तर

घरात कोणी नाही, दिवसभर सगळे रानात, अशा वेळी बांधावं लागतं. मग खुंटीला आखूड साखळी लावण्याऐवजी दोन खांबांमध्ये पंधरा-वीस फूट जाड तार ताणून बसवा. तारेत लोखंडी कडी घाला आणि कडीला साखळी. कुत्रं तारेच्या लांबीएवढं इकडून तिकडे फिरू शकतं. सावली आणि पाणी दोन्ही पोहोचतील अशी जागा निवडा. जवळ भिंत किंवा कुंपण नको, उडी मारून पलीकडे गेलं तर फास बसतो. पाण्याचं भांडं जड घ्या, नाहीतर ते उपडं करेल. ही सोय दिवसापुरतीच. संध्याकाळी खेळ आणि रात्री बंद खुराडा.

उद्यापासून सुरुवात

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिला आठवडा सकाळी वीस मिनिटं दोरीने फिरवणं आणि संध्याकाळची भाकरी अंगणात शोधायला लावणं, एवढंच करा. दुसऱ्या आठवड्यात "ये" आणि "थांब" घ्या. तिसऱ्या आठवड्यात तार बसवा. घरातल्या एकावरच भार नको. सकाळचं फिरवणं मोठ्यांकडे, अंगणातले खेळ पोरांकडे दिले तर पोरंही तेवढा वेळ मोबाईलपासून लांब राहतात.

फरक दिसायला दोन-तीन आठवडे जातात. सुरुवातीला कुत्रं उलट जास्तच उड्या मारेल, कारण त्याला नव्याने काहीतरी मिळतंय. तिथे हात आखडू नका. हळूहळू उकरणं कमी होईल, ठिबकच्या नळ्या शाबूत राहतील. आणि रात्री दोन वाजता कुत्रं भुंकलंच, तर या वेळी बॅटरी घेऊन नीट बघा. बाहेर खरंच काहीतरी असेल.